सिस्टरांचं तळघर

सिस्टरांना माणूस दिसायच्या आधी त्याच्या पायाखालची फरशी दिसायची. कुणाच्या घरी इंजेक्शन द्यायला गेल्या की चपला दारात काढायच्या, खाली वाकायच्या आणि हाताची उलटी बाजू फरशीला लावायच्या. आपण ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो, तशी. मग विचारायच्या, "हिला घाम येतो का?" घरातल्यांना वाटायचं, अंथरुणावरच्या सासूबाईंबद्दल विचारताहेत. कुणी म्हणायचं, "हो, पहाटे पहाटे येतो." त्यावर सिस्टर म्हणायच्या, "त्यांचं नाही हो विचारत. फरशीचं विचारतेय."

या बाई आमच्या घरमालकीण. चिंचवडच्या एका कंपनीच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि वर्षानुवर्षं स्वतः मागून रात्रपाळी करत होत्या. त्यांना नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. आमची सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. लग्न केलं नव्हतं. उंच, हाडापेराने मजबूत, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलण्यात सोलापूरकडचा हेल. डोकं दुखतंय म्हणून कुणी गेलं तर गोळी द्यायच्या आधी "पाणी किती प्यालास?" म्हणून दरडावायच्या. भाडेकरूंना दरडावायला त्यांना कारण लागायचं नाही. पण कुणाचं मूल फणफणलं तर ड्यूटीवरून आलेल्या, तशाच पांढऱ्या साडीत, त्याच्या उशाशी बसायच्या.

सगळ्यांना त्या आवडायच्या. मला मात्र त्यांचा हेवा वाटे. तो का, हे सांगायचं तर तळघरापासून सांगायला हवं.

त्या काळात चिंचवडला घर बांधणारा माणूस वर बघायचा. आज खालचा मजला, पोरगा कंपनीत लागला की वरचा. सिस्टर खाली गेल्या. त्यांचा प्लॉट नाल्याकडे उतरता होता. घर रस्त्याला आणायचं तर मागच्या बाजूला पुरुषभर भराव लागणार होता. मिस्त्री मावळातला, म्हातारा. म्हणाला, "बाई, मुरूम टाकू, धुम्मसानं चोपू, वरती घर उचलू." सिस्टर म्हणाल्या, "एवढी जागा मुरमाला कशाला द्यायची? तिथं मी झोपेन."

रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोप कुठली मिळायला? आमच्या एका अंगाला पत्र्याच्या पेट्या ठोकणारं वर्कशॉप, दुसऱ्या अंगाला रेडिओ. मध्ये भोंगे, भाजीवाले, भंगारवाले. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की रात्रीही भिंतीला पाठ टेकवत नसे. तळघर मात्र गार. नाल्याच्या बाजूला दोन ठेंगणे झरोके, आत विहिरीसारखी शांतता. सिस्टरांनी आत रंग दिला, दिवे घेतले आणि खाली हौसेने पॉलिश केलेल्या मोझॅकच्या टाइल्स बसवल्या. ते तळघर बघायला लोक यायचे.

पहिल्या पावसाळ्यात त्या टाइल्सना लोणा फुटला. सांध्यासांध्यातून पांढरी पूड वर यायला लागली. सिस्टरांची गादी खालून काळ्या ठिपक्यांनी भरली आणि सिस्टर खोकायला लागल्या. मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो जिन्यातच उकिडवा बसला.

"बाई, जिमिनीत पानी हाय. काळी माती हाय ही. तिच्यावर फरशी घाला न्हाईतर सोनं घाला, ती वलीच ऱ्हानार."

सिस्टर म्हणाल्या, "ओल म्हणजे ताप. वरून पुसून उतरत नाही. कुठून येतोय ते बघावं लागतं."

"मंग बघा," मिस्त्री म्हणाला.

आणि त्यांनी बघायला घेतलं. आम्ही त्यांच्या घरात मागच्या दोन खोल्यांत राहायला गेलो, तेव्हा हे बघणं ऐन भरात होतं. मोझॅक उखडून टाकलं होतं. त्याच्या जागी, एक माणूस आडवा होईल एवढे, निरनिराळ्या फरश्यांचे तुकडे बसवले होते. एक शहाबादीचा, एक काळ्या कडप्प्याचा, एक नुसत्या सिमेंटच्या कोब्याचा, एक उभ्या विटांचा. एका कोपऱ्यात चक्क शेणाने सारवलेली जमीन. सिस्टर आठवडाभर एका तुकड्यावर चटई टाकून झोपत, मग पुढच्या. खाली उतरलं की दवाखान्यातल्या वॉर्डात आल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच, की इथे पेशंट जमिनीत होते.

त्यांची तपासायची पद्धत मला पहिल्याच आठवड्यात कळली. सकाळी दारात उभ्या.

"उडदाचे पापड आहेत का गं? घरी लाटलेले?"

"आहेत की. भाजून देऊ?"

"भाजायचे नाहीत. कच्चे, पण खडखडीत वाळलेले हवेत."

मी डबा दिला. त्यांनी प्रत्येक तुकड्यावर एकेक पापड ठेवला आणि वर स्टीलचं वाडगं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी वाडगी उचलून एकेक पापड कानाशी नेऊन मोडला. जो कट्कन मोडला, ती फरशी पास. जो पोळीसारखा दुमडला, ती नापास. बहुतेक सगळे दुमडले. "तुझ्या पापडात दोष नाही," त्या मला म्हणाल्या. मला त्यांचं प्रशस्तिपत्र नको होतं. मला डबा परत हवा होता. तो मिळाला नाही.

त्याच वर्षी माझे वडील आमच्याकडे आले.

अण्णा कोकणात बत्तीवर नोकरीला होते. बत्ती म्हणजे दीपगृह. आमच्या किनाऱ्याला सगळे बत्तीच म्हणतात. रात्रभर दिवा सांभाळायचा आणि दिवसा झोपायचं, हा त्यांचा जन्माचा क्रम. माझं बालपण त्यामुळे दबक्या आवाजात गेलं. भांडं पडलं की आई ओठावर बोट ठेवायची. "अण्णा झोपलेत." शाळेतून आले की मला दिसायची ती वडिलांची पाठ, भिंतीकडे वळलेली. ते उठायचे, चहा प्यायचे आणि बत्तीवर चढायची वेळ झालेली असायची. माझ्या वडिलांनी जगातल्या सगळ्या बोटींसाठी रात्री जागवल्या. मी मात्र त्यांना पुरतं जागं असं फारसं पाहिलं नाही.

ते निवृत्त झाले, मग आई गेली. गावचं घर अण्णांच्या चुलतभावांच्या ताब्यात होतं, त्यांनी अण्णांना पडवीत आणून ठेवलं. मी हट्टाने त्यांना चिंचवडला घेऊन आले. मनात केवढे बेत होते. आता दिवस आपले, म्हटलं. सकाळी चहा बरोबर घेऊ, जुन्या गोष्टी विचारू, आई तरुणपणी कशी होती ते विचारू.

पण अण्णा आमच्या घरात पाहुण्यासारखे राहिले. जावयाच्या घरी राहायचं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ताटात दुसऱ्यांदा भात वाढायला गेले की हात आडवा, "पुरे, पुरे." काही विचारलं की "बरं आहे." गुडघ्यांना संधिवात होता. मी रोज तेल चोळायचे. "आता कसं वाटतं?" "बरं आहे." हे कंपनीतून आले की अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहायचे. हे बिचारे संकोचून म्हणायचे, "अण्णा, बसा हो." अण्णा बसायचे, पण खुर्चीच्या कडेला.

रात्री त्यांना झोप नसायची आणि दिवसा आमच्या खोल्यांत आगीची धग. ते एका दुपारी जिन्याच्या सावलीत खांद्यावर पंचा टाकून बसले होते. सिस्टर दुकानातून येत होत्या.

"झोप नाही?"

"लागते. दिवसाच लागते. जन्मभर तीच सवय," अण्णा म्हणाले.

"रात्रपाळी?"

"बत्तीवर होतो."

सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "खाली चला."

मी खिडकीतून पाहत होते. मला न विचारता अण्णा उठले आणि त्यांच्यामागून गेले. खाली सिस्टरांनी दवाखान्यातला हिरवा पडदा आडवा बांधून दोन भाग केले होते. पलीकडे त्यांची खाट, अलीकडे ते फरश्यांचे तुकडे. अण्णा कोब्यावर आडवे झाले ते दुसऱ्या पाळीचा भोंगा होऊन गेला तरी उठले नाहीत. वर आले तेव्हा गालावर चटईचे वळ होते आणि चेहरा असा मोकळा, की मी तो ओळखलाच नाही.

"झोपलात?" मी विचारलं.

"बरं आहे," अण्णा म्हणाले.

नंतर मला सिस्टरांकडून कळलं की खाली ते पुष्कळ बोलले होते. सिस्टरांनी त्यांना विचारलं होतं, "गुडघा काय म्हणतो?" आणि अण्णांनी सांगितलं होतं, की कोब्यावर गुडघा आतून गार पडतो, पण ठणकत नाही. ठणका लागतो तो बरोबर ओल असली की. बत्तीच्या क्वार्टरमध्ये खारं वारं भिंतीत मुरायचं, तेव्हापासूनचा हा गुण. सिस्टर माझ्यासमोर उभ्या राहून मला माझ्या वडिलांच्या गुडघ्याची हकिगत सांगत होत्या. ज्या गुडघ्याला मी दोन हातांनी तेल चोळत होते, तो मला कधी काही म्हणाला नव्हता.

तेव्हापासून अण्णांचा गुडघा त्या तळघराचा दुसरा पापड झाला. रोज जेवण झालं की अण्णा पंचा उचलून खाली. कधी विटांवर, कधी शहाबादीवर. झोप झाली की पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोघांची चर्चा. माझं स्वयंपाकघर बरोबर त्याच्यावर. मी भांडी घासणं थांबवून ऐकायचे. शब्द कळायचे नाहीत, पण हसणं कळायचं. माझ्या वडिलांना हसताना असा आवाज येतो, हे मला फरशीखालून कळलं.

शेजारच्या काकूंनाही ते हसणं ऐकू जात होतं. त्या एकदा पदर सावरत म्हणाल्या, "तुमचे वडील बरेच रमलेत हो खाली." मी म्हटलं, "मध्ये पडदा आहे." त्या म्हणाल्या, "पडदा असतोच." त्या म्हणत होत्या तसलं काही असतं, तर मला एक वेळ चाललं असतं. तसल्या गोष्टीवर चिडायचा मुलीला हक्क असतो. पण खाली चालायचं ते फरशीबद्दल, बोटींबद्दल, आणि कधीकधी माझ्या आईबद्दल. आईबद्दल! ती लग्नात केवढीशी होती आणि पहिल्यांदा बत्तीवर चढली तेव्हा चक्कर येऊन कशी मधल्याच पायरीवर बसून राहिली, हे मला सिस्टरांनी सांगितलं. सहज, साडीच्या निऱ्या नीट करता करता. मी म्हटलं, "हो, माहीत आहे." मला माहीत नव्हतं.

यांना मी म्हटलं, "अण्णा आपल्याशी का नाही हो बोलत?"

हे म्हणाले, "अगं, त्यांना झोप लागतेय ना? मग झालं." यांचं सगळं असंच सोपं असायचं.

फरशीचं मात्र सोपं होत नव्हतं. सिस्टरांनी कुठूनसा लिनोलियमचा गुंडाळा आणला. हिरवा, गुळगुळीत, वर बारीक नक्षी. सगळ्या तुकड्यांवरून तो अंथरला तेव्हा तळघर एखाद्या साहेबाच्या केबिनसारखं दिसायला लागलं. पापड कट्कन मोडला. अण्णांचा गुडघा गप्प बसला. सिस्टरांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला. मी त्या दिवशी मनातून खूश होते. फरशी झाली, आता गुडघ्याची गरज संपली, अण्णा वर येतील.

पण थोड्याच दिवसांत खाली कुबट वास यायला लागला. सिस्टरांनी एक कोपरा उचलून पाहिला. खाली पाण्याचे थेंब साचले होते आणि त्यात एक गोम आरामात चालली होती. "वरून साहेब, खालून गटार," सिस्टर म्हणाल्या आणि तो गुंडाळा त्यांनी स्वतः ओढत रस्त्यावर नेऊन टाकला. ओल थांबली नव्हती, फक्त झाकली गेली होती. "जखम पुसायच्या आधी पट्टी बांधली मी," असं त्या कितीतरी दिवस स्वतःलाच म्हणत होत्या.

मग अण्णांनी तोड काढली. कंपन्यांमध्ये मशिनं येतात त्या लाकडी खोक्यांच्या फळ्या भंगारात मिळायच्या. आमच्या भागातली निम्मी टेबलं-कपाटं त्याच लाकडाची. अण्णा म्हणाले, खाली आडव्या पट्ट्या टाकून वर फळ्या ठोकू, मधून हवा खेळेल. बोटीचा तळ असतो तसा. सिस्टरांना पटलं. मिस्त्रीला पटलं नव्हतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. फळ्या बसल्या, उबदार, सुंदर. अण्णा त्यांच्यावरून अनवाणी चालत राहायचे.

श्रावणात त्या फुगल्या. एकमेकींना रेटून मधोमध उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीची ठेच लागून मिस्त्री आडवा झाला आणि खाली भांडण पेटलं.

मी पोळ्या लाटत होते. आणि खालून माझ्या वडिलांचा चढलेला आवाज आला. "पट्ट्या जवळ जवळ ठोकल्या तुमच्या मिस्त्रीने! हवा जाणार कुठून?" सिस्टरांचा आवाज, "मिस्त्रीचं नाव नका सांगू. लाकूडच कच्चं तुमचं!" "कच्चं? मी जन्म समुद्रावर काढलाय!" "मग समुद्रावर टाका ते! माझ्या घरात नको!" मिस्त्री मध्ये "अवं, माझा पाय बघा की कुनीतरी!" म्हणून ओरडत होता.

तव्यावरची पोळी जळली. अण्णा कधी कुणावर ओरडलेले मला आठवत नव्हते. आईवर नाही, माझ्यावर तर नाहीच. मी शाळेत नापास झाले होते, तेव्हासुद्धा त्यांनी फक्त कूस बदलली होती. मला वाटलं होतं, या माणसाला राग नाहीच. राग होता. तो त्यांनी सिस्टरांसाठी ठेवला होता.

अण्णा लाल चेहऱ्याने वर आले आणि चार घास जास्त जेवले. दोन दिवस खाली गेले नाहीत. मी त्या दोन दिवसांत त्यांच्यासाठी काय काय केलं! घावन केले, सोलकढी केली. ते "पुरे, पुरे" म्हणत खिडकीपाशी बसून राहिले. तिसऱ्या दिवशी जिन्यातून सिस्टरांनी नुसतं विचारलं, "गुडघा काय म्हणतो?" अण्णा उठले, पंचा घेतला, गेले.

शेवटी सिस्टरांनी निर्णय घेतला तो फरशीचा नव्हताच. त्यांनी सगळे तुकडे उखडले आणि मिस्त्रीला सांगितलं, "आधी पाण्याला वाट काढ." तळघराच्या बाहेरून, उताराच्या अंगाने, खोल चर खणला, त्यात दगडगोटे भरले आणि तो नाल्याला नेऊन सोडला. आत काळी माती पार उपसून काढली. खाली मोठे दगड ठासले, वर खडी, वर काँक्रीट, आणि त्यावर उकळत्या डांबराचा जाड थर, भिंतीवर वीतभर चढवलेला. त्या डांबराच्या वासाने आमच्या घरात जेवण जाईना. त्यावर कोबा आणि सर्वांत शेवटी शहाबादी. पॉलिश न केलेली, खरबरीत. "फरशी शेवटी कुठलीही घाला," सिस्टर म्हणाल्या, "खालचं बरं असलं की वरचं बरं दिसतं." एवढं समजायला त्यांना तीन-चार पावसाळे लागले होते, पण सांगताना असं सांगितलं, जणू पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुढच्या पावसाळ्याच्या ऐन भरात पापड खडखडीत राहिला. अण्णांचा गुडघा गप्प बसला. आता तरी संपलं, असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात अण्णा जेवता जेवता म्हणाले, "मी खाली राहायला जातो."

"झोपायला जाताच की," मी म्हटलं.

"झोपायला नाही. राहायला. सिस्टर मध्ये भिंत घालताहेत. झरोक्याकडची अर्धी खोली मला भाड्याने. माझ्या पेन्शनीतून देईन. स्टोव्ह घेतो. माझं मी करीन."

हे खाली बघत भात कालवत राहिले. मी ताटावरून उठले. सरळ सिस्टरांच्या दारात गेले. त्या ड्यूटीला निघायच्या तयारीत होत्या.

"तुम्ही माझे वडील घेतलेत," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी नाही म्हणून माझे घेतलेत. लोक काय म्हणतील, मुलीच्या घरात मावले नाहीत म्हणून तळघरात ठेवले?"

सिस्टर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पिन ओठांत धरून पदर लावला, मग पिन लावली.

"घेतले नाहीत. भाड्याने ठेवलेत," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे ते पाहुणे आहेत. पाहुण्याला भात मागता येत नाही, पंखा वाढवा म्हणता येत नाही, भांडता येत नाही. भाडेकरूला सगळं येतं. तुम्ही नाही का माझ्याशी नळावरून भांडत?"

"मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर त्यांचं काय जाणार आहे? तुझ्यासमोर त्यांना बाप राहायचंय." आणि पर्स उचलून निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. त्या खरं बोलल्या होत्या आणि तेच मला सहन होत नव्हतं. माझ्या वडिलांबद्दलचं खरं मला दर वेळी त्यांच्याकडूनच का कळावं?

अण्णा खाली गेले ते कायमचे. पुढे आम्ही पिंपळे गुरवला स्वतःचं घर बांधलं. त्यांच्यासाठी वेगळी खोली काढली. उजेडाची, हवेशीर. अण्णा बघायला आले, फरशीला उलटा हात लावला, "चांगली आहे," म्हणाले आणि संध्याकाळच्या बसने चिंचवडला परत गेले. शेवटी गेले तेही तिथेच, एका दुपारी, झोपेत. नाडी सिस्टरांनी पाहिली. मी पोहोचले तोवर त्यांनी अण्णांचे हात नीट छातीवर ठेवले होते, डोळे मिटवले होते, आणि त्या भिंतीला टेकून शहाबादीवर बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काही त्रास झाला नाही." त्या रात्री त्या ड्यूटीवर गेल्या नाहीत. इतक्या वर्षांत त्यांची ती पहिली रजा, असं लोक म्हणाले. तीही माझ्या वडिलांसाठी.

पण अण्णा खाली राहायला गेले, त्या वर्षीच्या दिवाळीचं सांगायचं राहिलं.

पाडव्याच्या सकाळी दार वाजलं. उघडते तर अण्णा. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात नारळ. एक मजला चढून आले होते, पण असे उभे, जसे एस.टी.ने गावाहून आलेत. मला ओलांडून यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "जावईबापू, लेकीला चार दिवस माहेरी न्यायला आलोय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. या माणसाला कधीकधी फार नेमकं सुचायचं. "न्या की," म्हणाले. "पण परत पाठवा वेळेवर. मला स्वयंपाक येत नाही."

आई गेल्यापासून मला माहेर असं उरलंच नव्हतं. मी खरोखर पिशवी भरली. दोन साड्या, टॉवेल, कंगवा. अण्णांनी ती हातातून घेतली आणि पुढे झाले. आम्ही जिना उतरून खाली गेलो. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत राहिल्या. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, दोन फळ्या, झरोक्यातून येणारा उजेड. पाट मांडलेला होता. अण्णांनी मला पाटावर बसवलं. कुळथाची पिठी केली होती, भात होता, भाजलेला पापड होता. बत्तीवर एकटे असताना करून खायचे, तेच. स्वतः वाढलं. मी "पुरे" म्हणाले तर डाव उगारून म्हणाले, "माहेरी आलीयेस ना? गप जेव." आणि ढीगभर भात घातला. त्यांचा चढा आवाज पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला. मला रडू आलं, ते मी पिठीच्या वाफेवर ढकललं.

मग म्हटलं, "अण्णा, मीठ जरा कमी आहे."

"असेल, असेल. थांब." ते उठले, फळीवर चाचपायला लागले. चष्मा सापडत नव्हता. "अरे, इथेच होतं..."

"राहू द्या, मी घेते," म्हणून मी उठले. या डब्यात बघितलं, त्या डब्यात बघितलं. साखर, तांदूळ, चहा. माझ्या वडिलांच्या घरात मी मीठ शोधत होते.

तेवढ्यात सिस्टर ड्यूटीवरून आल्या. चपला हातात घेऊन उघड्या दारासमोरून आपल्या भागाकडे चालल्या होत्या. आत पाहिलंही नाही, थांबल्याही नाहीत.

"वरची फळी, डाव्या हाताला," जाता जाता म्हणाल्या, "हळदीच्या मागे."

मी हळदीची बरणी बाजूला केली. मीठ तिथेच होतं.